कात्री आणि कॅनव्हास

अमूर्त चित्र पाहिले की आपल्याकडे एक शंका हमखास निघते: असले तुकडे कोणीही चिकटवील, यात चित्रकाराचे काय गेले? प्रश्न थट्टेचा असला तरी मला तो रास्त वाटतो. अमेरिकन चित्रकर्ती ली क्रॅस्नर यांच्यापुरते त्याचे उत्तर रोखठोक आहे. त्यांची स्वतःची चित्रे गेली.

१९५१ साली न्यूयॉर्कच्या बेटी पार्सन्स गॅलरीत त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. चित्रे १४, विकले गेले एकही नाही. घरात जॅक्सन पोलॉकसारखा गाजणारा पती, आणि आपली चित्रे मात्र जशीच्या तशी परत आलेली! पुढे १९५३ मध्ये भिंतीवर लावलेली आपलीच काळी-पांढरी रेखाटने बाईंना पाहवेनात. ती त्यांनी टराटरा फाडून जमिनीवर फेकली आणि दार ओढून घेतले. काही आठवड्यांनी येऊन पाहतात तो त्या पसाऱ्यातच त्यांना नवे काही दिसू लागले. मग पार्सन्सकडून परत आलेले कॅनव्हासच पाया झाले. त्यांवर कागद, कापड, पोलॉकने टाकून दिलेल्या चित्रांचे तुकडेसुद्धा चिकटू लागले. १९५५ साली ही कोलाजचित्रे स्टेबल गॅलरीत मांडली गेली.

आपल्याला इथे गोधडी आठवेल. पण आजीचे लुगडे गोधडीत जाते ते विरल्यावर. ही चित्रे विरलेली नव्हती. त्यांचे वय अवघे चार वर्षांचे. शिवाय गोधडीत ऊब हवी असते, इथे ऊब कुठली? ‘मिल्कवीड’ हे सहा फुटांहून उंच चित्र पाहा. त्यातले तुकडे एकमेकांना सांभाळून घेत नाहीत, रेटतात. छापील पानावरसुद्धा तो रेटा जाणवतो. खालचे चित्र हरले आहे, आणि ते हरले म्हणूनच वरचे उभे राहिले, असे मला वाटते. ‘बॉल्ड ईगल’मध्ये तर पोलॉकच्या रंगाचे शिंतोडेही बाईंच्या रचनेत मुकाट्याने बसले आहेत. (टीकाकारांनी त्यांना वर्षानुवर्षे ‘पोलॉकची पत्नी’ म्हणून ओळखले, त्याला याहून चांगले उत्तर कोणते?)

वीस वर्षांनी त्यांनी हाच खेळ पुन्हा मांडला. १९३७ ते १९४० या काळात हान्स हॉफमन यांच्या शाळेत काढलेली कोळशाची रेखाटने सापडली. ती कापून केलेली ११ चित्रे १९७७ मध्ये पेस गॅलरीत लागली. शीर्षके व्याकरणातून उचललेली: ‘आज्ञार्थ’, ‘अपूर्ण भूतकाळ’ अशा अर्थाची. या खेपेस हाताने फाडणे नाही. कात्री, सरळ धार. पाती-पात्यांतून मूळ रेखाटनातल्या देहाचा खांदा, मांडी डोकावते आणि डोळा तो देह जुळवू पाहतो. जुळत नाही, ही त्यातली गंमत. पण खरे सांगायचे तर मला ही मालिका जरा फार शहाणी वाटते. पंचविशी-तिशीतल्या विद्यार्थिनीशी साठी ओलांडलेल्या बाई इथे समंजसपणे बोलतात. व्याकरणाची शीर्षकेही तो शहाणपणा वाढवतातच. १९५५ मध्ये त्यांना बोलायचे नव्हते, चित्र मोडून पुढे जायचे होते. त्या प्रदर्शनासाठी बळी गेलेल्या १९५१ च्या कॅनव्हासांपैकी फार थोडे आज मूळ रूपात उरले आहेत. ते गेले याची हळहळ मला ‘मिल्कवीड’समोर तरी वाटत नाही.