आडा बाजारची गाय आणि शिक्षकांचं प्रशिक्षण

गेल्या वर्षी शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात मागच्या बाकावर बसायला मिळालं. विषय: डिजिटल वारसा आणि गोष्टींतून इतिहास. दोन दिवसांत मंडळी मोबाईलवर राजवाड्याचे फोटो जोडून, त्यावर आपला आवाज घालून तीन-तीन मिनिटांचे व्हिडिओ करायला शिकली. काही तर सुरेख झाले होते.

सगळ्यांना आवडला तो आडा बाजारचा. आपल्या इंदूरकरांना गोष्ट पाठच आहे. मालेरावांच्या रथाखाली वासरू मेलं, अहिल्याबाईंनी मुलाला तशीच शिक्षा फर्मावली, पण वासराची आईच रथापुढे पुन्हा पुन्हा आडवी आली. म्हणून आडा बाजार. टाळ्या झाल्या. मी विचारलं, हे कुठून घेतलं? उत्तर आलं, "सर, नेटवर आहे ना!"

आहेच. पण नेटवर जॉन माल्कमचा 'मेमॉयर ऑफ सेंट्रल इंडिया' हा १८२३ चा ग्रंथही आहे, स्कॅन केलेला, फुकट. त्यात रथ नाही, गाय नाही. मालेरावांनी संशयावरून एका कशिदा करणाऱ्याला मारलं, मग त्या मृताने आपल्याला झपाटलंय या समजुतीने ते भ्रमिष्ट झाले, आणि आई रात्रंदिवस अंथरुणाशी बसून होती, अशी हकीकत आहे. १७६७ साली मालेराव गेले. मुलाच्या मृत्यूत बाईंचाच हात होता ही कुजबुज माल्कमच्या कानावर आली होती. चौकशी करून त्याने ती खोटी ठरवली.

आता माल्कमही काही देववाणी नव्हे. इंग्रज अधिकारी, पन्नास वर्षांनंतर ऐकीव माहिती गोळा करणारा. त्यालाही उलटतपासणी हवीच. पण ती करायची कशी, याला त्या दोन दिवसांत अर्धा ताससुद्धा नव्हता. वेल्डिंग चकचकीत दिसतं म्हणून आम्ही कारखान्यात सांधा पास करत नव्हतो.

गंमत म्हणजे हीच गोष्ट तमिळनाडूत तिरुवारूरला मनुनीती चोळाच्या नावाने सांगतात, तिथे दगडी रथही दाखवतात. श्रीलंकेच्या 'महावंशा'त ती एळार राजाची आहे. हे सातवीच्या पोरांपुढे ठेवून बघा. एकच वासरू तीन ठिकाणी कसं मेलं, असं कुणीतरी विचारणारच, आणि खरा तास तिथून सुरू होतो. गोष्ट गाळा असं मी म्हणत नाही. लोकांना आपला राज्यकर्ता कसा न्यायी हवा होता, हे तीच सांगते. फक्त तिला दंतकथा म्हणा, आणि शेजारी ग्रंथातलं पान ठेवा.

साधनांची टंचाई म्हणाल तर ती नाही. दिल्लीचं सीसीआरटी १९७९ पासून शिक्षकांना सांस्कृतिक वारशाचं प्रशिक्षण देतंय. 'दीक्षा' २०१७ मध्ये आलं, 'इंडियन कल्चर' पोर्टल २०१९ मध्ये. पण शोधायचं काय आणि सापडलेलं पारखायचं कसं, हे बटण दाबून येत नाही, बरं का.

मला त्या व्हिडिओत सगळ्यात खटकलं ते वेगळंच. नवरा कुंभेरीला १७५४ मध्ये गेला, सासरे १७६६ मध्ये, आणि वर्षाच्या आत एकुलता एक मुलगा. ती आई आजारी पोराच्या उशाशी बसलेली कुणी दाखवली नाही. मुलावर रथ घालणारी दाखवली.

चहाच्या वेळी व्हिडिओ करणाऱ्या बाईच जवळ आल्या. "सर, ते पान पाठवाल का? पण इंग्रजी जुनं असेल, वर्गात कसं वाचू?" प्रश्न रास्त होता. रात्री बसून त्या दीड पानाचं साध्या मराठीत भाषांतर केलं आणि पाठवलं.