भिंत पेटली का? कोहेन यांचा पेपर रत्नागिरीत वाचताना

वणव्यापासून घर कसं वाचवायचं यावर काम करायचं असेल, तर जॅक कोहेन यांचा २००४ चा पेपर टाळता येत नाही. कोहेन तेव्हा अमेरिकेच्या वनखात्यात अग्निसंशोधक होते. ‘कॅनेडियन जर्नल ऑफ फॉरेस्ट रिसर्च’मधल्या या पेपरचा प्रश्न साधा आहे: जंगल शेंड्यापर्यंत पेटलं, तर किती अंतरावरची लाकडी भिंत पेट घेते? पेपर जरूर वाचा. पण तो मिटून लगेच कोकणासाठी ‘अग्निरोधक भिंती’चा प्रस्ताव लिहायला बसू नका.

आधी त्यातलं चांगलं बघू. कॅनडाच्या वायव्य भागात पाइनच्या जंगलाचे तुकडे मुद्दाम पेटवले गेले आणि जंगलाच्या कडेपासून १०, २० आणि ३० मीटरवर लाकडी भिंतीचे तुकडे उभे केले. १० मीटरवरचे काही पेटले. २० आणि ३० मीटरवरचा एकही पेटला नाही. कोहेन यांच्या स्वतःच्या गणिती मॉडेलने धोका याहून जास्त सांगितला होता, आणि ही तफावत त्यांनी लपवली नाही. आपलंच मॉडेल मैदानात नेऊन तपासणं आणि ते कुठे चुकतं ते छापणं, हे शिकण्यासारखं आहे.

बरं, भिंत का पेटली नाही? कारण नुसती आच पुरत नाही, ती टिकावी लागते. कडक उन्हात चौरस मीटरला साधारण १ किलोवॅट उष्णता पडते. लाकूड पेटायला ठिणगी जवळ असली तरी १२ किलोवॅटच्या आसपास लागते, आणि तेवढी आच काही मिनिटं राहावी लागते. शेंड्यांवरची आग प्रचंड असते, पण एका जागी फार तर मिनिटभर थांबते.

आता उणीव. या प्रयोगात उभी सपाट भिंत आहे. पन्हळ नाही, खिडकी नाही, भिंतीला टेकून ठेवलेलं काही नाही. उडत्या निखाऱ्यांनी घर कसं पेटतं, हे हा प्रयोग सांगूच शकत नाही. कोहेन यांना ते ठाऊक आहे. निखारे आणि घराभोवतीचा कचरा यावर त्यांनी इतरत्र भरपूर लिहिलंय. चूक करतात ते उद्धृत करणारे. त्यांच्या हातात ‘३० मीटर’ हा जणू निसर्गनियम होतो, आणि पाइनचं जंगल, लाकडी भिंत या अटी गळून पडतात.

आपल्याकडे तर या अटीच वेगळ्या. रत्नागिरीतलं जुनं घर जांभ्याच्या चिऱ्याचं. चिरा पेटत नाही. सड्यावरचं वाळकं गवत भडकतं आणि काही सेकंदांत एका जागचं विझतं. मग दरवर्षी होळीच्या आगेमागे काजू-आंब्याच्या बागांबरोबर गोठे आणि मांगर जळतात ते कशाने? गवताची उडवी, पडवीत रचलेला लाकूडफाटा, कौलांवर साठलेला पातेरा, कौलांच्या फटीतून आत शिरून वाशा-रिपांवर बसलेला निखारा. शिवाय पावसाची झड अडवायला भिंतीवर बांधलेली झापं किंवा प्लॅस्टिक उन्हाळ्यापर्यंत तसंच राहिलं, तर न पेटणाऱ्या भिंतीला आपणच पेटणारं कापड नेसवतो. उतारावरच्या घराला धोका आणखी, कारण ज्वाळा वरच्या बाजूचं गवत आधीच तापवत येतात.

म्हणून चिऱ्याला लावायच्या अग्निरोधक लेपावर तीन वर्षं घालवलीत, तर पेपर निघतील, पण ज्याचा गोठा जळतो त्याच्या हाती काही पडणार नाही. भट्टीतल्या चाचणीचं प्रमाणपत्रही इथे फसवं आहे. त्या चाचणीत तासाभरात तापमान ९४५ अंशांवर नेतात. ती बंद खोलीतल्या आगीची नक्कल आहे, वणव्याची नाही.

मग भिंतीवर काम करूच नये का? करावं, पण प्रश्न बदलून. कॅलिफोर्नियातल्या बाह्य भिंतीच्या चाचणीत भिंतीच्या पायाशी १५० किलोवॅटचा बर्नर १० मिनिटं पेटता ठेवतात. म्हणजे भिंतीलगत काहीतरी जळतंय असं धरतात. हे आपल्या लाकूडफाट्याच्या जवळ जातं. तेव्हा मोजायचं ते हे: पडवीतला भारा किती वेळ आणि किती जोराने जळतो? उडवी किती लांब असली म्हणजे खिडकीची लाकडी चौकट पेटत नाही? कौलाखालच्या रिपेवर केवढा निखारा पडला तर ती धरते? या तिन्ही मोजमापांना पाइनचं जंगल लागत नाही. एक मोकळं अंगण, वजनकाटा, उष्णतामापक आणि पाण्याचा टँकर पुरेसा आहे.