बंदिशकार कुमार गंधर्व आणि धुनउगम राग : एक पुनर्विचार

हिंदुस्थानी संगीतात गायकाचे चरित्र लिहिले जाते. बंदिशकाराच्या कार्याची चिकित्सा मात्र क्वचितच होते. पं. कुमार गंधर्व (१९२४–१९९२) यांच्या बाबतीतही आजारपणाची कथा रचनाकार्यावर छाया धरून राहिली आहे.

बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली बालवयातच थोर गायकांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवीत. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. क्षयरोगामुळे १९४८ मध्ये ते देवासला गेले व सुमारे पाच वर्षे मैफलीपासून दूर राहिले. त्यांच्या गायकीतील लहान लहान स्वरवाक्ये हा या व्याधीचाच परिणाम होय, असे मत रूढ आहे. श्वासाच्या मर्यादेने गायनशैलीचा काही उलगडा होईलही; नव्या रागांचा होत नाही.

दुसऱ्याचे गाणे सहज आत्मसात करणाऱ्या या कलावंतापुढे खरा प्रश्न होता तो रागाच्या उगमाचा. माळव्यातील लोकधुना ऐकून त्यांनी त्या स्वरलिपीत उतरविल्या. मोजक्या स्वरांत फिरणाऱ्या धुनेत रागाचे बीज असते. राग हिशेबाने बनविता येत नाही, तो धुनेतून उमलावा लागतो, ही त्यांची भूमिका होती. मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी हे राग तिच्यातून आले. ‘अनूपरागविलास’ (भाग पहिला, १९६५) हा त्यांचा बंदिशसंग्रह या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. मधसूरजा रागातील बंदिशीत बळी जाणाऱ्या मुक्या जीवाची देवीपुढील आळवणी आहे. येथे मध्यान्हीचा प्रहर, शब्द आणि स्वर एकाच अनुभवातून येतात. हंगेरीच्या बेला बार्टोक यांनीही शेतकऱ्यांची गीते संकलित केली. परंतु त्यांनी ती स्वरसंवादाच्या रचनेत नेली. कुमारांनी धुनेतच विस्ताराची शक्यता शोधली.

या कार्याला मर्यादाही आहेत. हे राग मुख्यत्वे त्यांच्या शिष्यपरंपरेत गायले जातात. बंदिशीबाहेर ज्याचा विस्तार अन्य गायकांनाही साधतो, तोच राग रूढ होतो. या कसोटीवर प्रत्येक धुनउगम राग सारखाच उतरेल असे नाही. शिवाय ज्या स्त्रियांच्या कंठातून या धुना आल्या, त्या अनामच राहिल्या.

तरीही या कार्यातून मिळणारी अभ्यासदृष्टी मोलाची आहे. यवतमाळ जिल्ह्यात भुलाबाईची गाणी आहेत. गोंड व कोलाम समाजांची गीते आहेत. मराठीच्या लोकसाहित्य संशोधनात अशा गीतांची शब्दसंहिता छापली जाते, चाल मात्र बहुधा सुटते. कुमारांनी जे बीज मानले, तेच या संकलनांतून गळते. मराठी आणि संगीत या दोन विभागांनी एकत्र येऊन शब्दांसह स्वरांची, आणि गाणाऱ्या स्त्रीच्या संमतीने तिच्या नावाचीही नोंद केली, तर ही उणीव दूर होऊ शकेल.