जमान, मकान, इखवान : ऐकलेल्या कव्वालीविषयी

आपल्याकडे समीक्षेला समोर पुस्तक लागते. कथासंग्रह आला, कवितासंग्रह आला की परीक्षण येते. आमच्या घरांतून मात्र कविता वाचली गेली त्याहून अधिक ऐकली गेली. उरुसात ऐकली, लग्नघरात ऐकली, रेडिओवर ऐकली. या ऐकलेल्या कवितेची समीक्षा मराठीत फारशी दिसत नाही. गेल्या हिवाळ्यात नायगावहून हैदराबादला केवळ कव्वाली ऐकायला म्हणून आम्ही गेलो, तेव्हा ही उणीव प्रकर्षाने जाणवली. त्यातून हे टिपण.

जीपमध्ये आम्ही सहा जण होतो. त्यात एक निवृत्त गुरुजी, वारकरी घरातले. एक मित्र सपत्नीक आले होते. त्यांच्या पत्नीला आम्ही सारे भाभी म्हणतो. गावात कुणाकडेही शादी असो, ढोलकच्या गीतांना पहिला आवाज त्यांचाच असतो. नरसी मागे पडले, देगलूर आले. १९५६ पर्यंत ही आमच्या राजधानीची वाट होती. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, राजधानी बदलली. पण गाण्याचा कान बदलायला कायदा पुरत नाही. हैदराबादची कव्वाली म्हटले की आमच्याकडे आजही अझीझ अहमद खां वारसी यांचे नाव निघते. त्यांना १९७१ साली पद्मश्री मिळाली होती. पुढे त्यांचे नातू नझीर आणि नसीर वारसी यांनी ती गायकी चालवली.

इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये समाची चर्चा करताना जुनैद बगदादी यांचे मत दिले आहे. समाला तीन गोष्टी लागतात : जमान, मकान आणि इखवान. म्हणजे योग्य वेळ, योग्य जागा आणि योग्य सोबती. या तीन अटी धर्माच्या चर्चेत आल्या असल्या तरी आम्हाला त्या समीक्षेच्याही कसोट्या वाटतात. त्याच लावून आम्ही दोन मैफली पाहणार आहोत.

पहिली मैफल बुधवारी रात्री, तिकीट लावून, एका मोठ्या सभागृहात. गाणाऱ्या पार्टीचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही, कारण आमची तक्रार तिच्याविषयी नाही. आवाज तयार होते, हार्मोनियम आणि ढोलक नेटके होते, हमनवांची साथ एकजीव होती. उणे होते ते मांडणीत. नव्वद मिनिटांत आठ रचना बसवलेल्या. श्रोत्यांवरचे दिवे मालवलेले, त्यामुळे गाणाऱ्याला समोरचा चेहराच दिसत नव्हता. एका मिसऱ्यावर तिसऱ्या रांगेतून कुणी कळवळून दाद दिली. मुख्य कव्वालाने तो मिसरा पुन्हा घेतला, तिसऱ्यांदा घेतला आणि विंगेतून खूण होताच पुढची रचना सुरू केली.

ज्याला ही बाब किरकोळ वाटेल त्याने कव्वालीची रचना ध्यानात घ्यावी. एका ओळीची पुनरावृत्ती, जिला तकरार म्हणतात, ती गाणाऱ्याच्या मर्जीने होत नाही. ऐकणाऱ्याच्या अवस्थेवरून ठरते. ज्या ओळीवर कुणाला हाल आला ती ओळ तो सावरेपर्यंत सोडायची नाही, असा रिवाज आहे. १२३५ साली दिल्लीत ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकी यांचा विसाल समाच्या मैफलीतच, एका फारसी शेरावर झाला असे परंपरा सांगते. तेव्हा कव्वालीत श्रोता हा रचनेचा अर्धा कर्ता असतो. सभागृहाने त्याला अंधारात बसवले, म्हणजे अर्धी कविता कापली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही नामपल्लीला युसुफैन दर्ग्यात गेलो. तिथे अमीर मीनाई (मृत्यू १९००) आणि दाग देहलवी (मृत्यू १९०५) यांच्या कबरी आहेत. हे दोघे दिवानांचे, म्हणजे छापील पुस्तकांचे शायर. पण आमच्या आईवडिलांना दाग माहीत होते ते कव्वालांच्या तोंडून. आमच्याकडे छापील आणि गायलेली कविता यांच्यात भिंत नव्हती, हे त्या कबरींपाशी पुन्हा आठवले.

जुम्मेरातची मैफल दुसऱ्या एका दर्ग्याच्या अंगणात होती. ना तिकीट, ना कार्यक्रमपत्रिका. हम्द झाली, नात झाली, मग मनकबत. एका ओळीवर समोरचे एक बुजुर्ग डोलू लागले आणि पार्टी तिथेच थांबली. ती ओळ किती वेळा आली ते मोजणे आम्ही सोडून दिले. मध्येच कव्वालाने त्याच आशयाचा दुसऱ्या शायराचा शेर जोडला, मग ब्रजभाषेतला एक दोहा, आणि परत मूळ ओळीवर आला. याला गिरह लावणे म्हणतात. आमचे गुरुजी पुढे सरकून म्हणाले, "अहो, हे तर आमचं प्रमाण देणं झालं!"

गुरुजींच्या त्या वाक्याने आम्हाला हवा तो शब्द मिळाला. कीर्तनकार अभंगाच्या एका चरणावर थांबतो, दुसऱ्या संताचे प्रमाण देतो, टाळकरी धृपद उचलतात आणि मूळ चरण नव्या अर्थाने परत येतो. गिरह आणि प्रमाण, तकरार आणि धृपद, हमनवा आणि टाळकरी. दोन्ही परंपरा एक आहेत असे आमचे म्हणणे नाही. त्यांची श्रद्धा आणि शब्दकळा वेगळी आहे. पण कव्वालीची समीक्षा करायला मराठीत शब्द नाहीत ही सबब मात्र खोटी आहे. शब्द कीर्तनाच्या फडात तयार आहेत. ते उचलण्याचे काम दोन्ही मैफलींत बसणाऱ्या आमच्यासारख्यांचे आहे, आणि ते आम्ही केलेले नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर हे टिपण जुन्याचे गुणगान झाले असते. परतताना देगलूरला चहाला थांबलो. आम्ही सारे जुम्मेरातच्या मैफलीविषयी भरभरून बोलत होतो. भाभी गप्प होत्या. विचारले तेव्हा म्हणाल्या, "कल दिखा, पन गाना आधाच. आज गाना पूरा, पन दिखाच नै." सभागृहात त्या तिकीट काढून चौथ्या रांगेत बसल्या होत्या, मांडीवर ठेका धरत होत्या. दर्ग्याच्या अंगणात त्यांची जागा पडद्यामागे होती आणि तिथे पोचत होता फक्त कर्ण्याचा आवाज. आम्हा सहा जणांत ढोलकीचे अंग जाणणाऱ्या त्या एकट्याच. त्यांची दाद गाणाऱ्यापर्यंत पोचली असती तर ती मैफल कुठे गेली असती, हे आता कळायचे नाही.

तेव्हा निवाडा असा. सभागृहाने सोबती दिले, पण वेळ घड्याळाची दिली. अंगणाने वेळ आणि जागा दिली, पण सोबती अर्धेच दिले. श्रोत्यावाचून कव्वाली पुरी होत नसेल, तर पडद्यामागचा श्रोता वगळूनही ती पुरी होत नाही. इखवान या शब्दाचा अर्थ 'भाऊ' असा लावून आपण मोकळे होतो. गाण्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ जाणकार सोबत असाच घ्यावा लागेल. सभागृहवाल्यांनी दिवे लावावेत, रचना आठाऐवजी चार ठेवाव्यात. अंगणवाल्यांनी बायकांची बैठक गाणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात आणावी. यात खर्च फारसा नाही.

वार्षिकांकांच्या संपादकांना आमची एक विनंती आहे. कथा-कवितांच्या परीक्षणांशेजारी दरवर्षी निदान एका मैफलीचे परीक्षण छापावे. काय गायले, कुठे तकरार झाली, कोणती गिरह लागली आणि ऐकायला कोण कुठे बसले होते, एवढे लिहिले तरी पुष्कळ आहे. येत्या उरुसात आम्ही वही घेऊन बसणार आहोत. भाभींनाही एक वही दिली आहे.