तुरटीच्या टाकीची भिंत

जालन्याच्या नळाला येणारे जायकवाडीचे पाणी पैठणहून निघते, अंबडच्या जलशुद्धीकरण केंद्रात निवळते आणि मग शहराकडे जाते. असे केंद्र पाहायला आलेला माणूस बहुधा फिल्टर बेडच्या काठावर रेंगाळतो. माझे पाय मात्र तुरटीच्या द्रावणाच्या टाकीकडे वळतात. साऱ्या केंद्रात सर्वांत विचारपूर्वक केलेले बांधकाम तिथे असते. निदान असायला हवे.

गढूळ घागरीत फिरवायचा तुरटीचा खडा सगळ्यांच्या ओळखीचा. पण तीच तुरटी टाकीत विरघळली की द्रावण चांगलेच आम्लधर्मी होते, पीएच तीन-चारच्या आसपास. त्याला अडवून उभी असलेली काँक्रीटची भिंत तितकीच अल्कधर्मी, पीएच साडेबाराच्या पुढे. या बांधकामाचे सगळे नाट्य या विरोधात आहे. आम्ल सिमेंटमधला मोकळा चुना विरघळवते. तुरटीतले सल्फेट आधी जिप्सम घडवते, मग सिमेंटमधल्या ॲल्युमिनेटशी संयोग पावून छिद्रांमध्ये फुगणारे स्फटिक तयार करते. भिंत चिरते, पोपडे सुटतात, खडी उघडी पडते.

पाणी निर्जंतुक करायला वापरतात त्या क्लोरीनचा मार्ग वेगळा. काँक्रीटच्या अल्कधर्मामुळे गजावर एक अतिसूक्ष्म संरक्षक थर टिकून असतो. झिरपत आलेले क्लोराइड तो फोडते. मग गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून वरचे काँक्रीट ढलप्यांनी सुटते. जालन्याच्या एमआयडीसीत तयार होणारे गज दूरदूर जातात. ज्या गावाचा व्यवसायच गज, त्या गावाने गजावरच्या काँक्रीटकडेही तेवढ्याच आस्थेने पाहावे असे मला फार वाटते.

ही भिंत आतून बाहेर वाचावी. आयएस 456:2000 या भारतीय मानकात परिस्थितीच्या तीव्रतेनुसार पाच पायऱ्या आहेत. सौम्य परिस्थितीत गजावर किमान 20 मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचे आवरण, तीव्र परिस्थितीत 45, टोकाच्या परिस्थितीत 75. आणि तिथे पाणी-सिमेंट गुणोत्तर 0.40 च्या वर नको. या 75 मिलिमीटरांत मला या कलेचा गाभा दिसतो. इथे अंतर म्हणजे वर्षे. सिमेंटला लागते त्याहून जास्त ओतलेले पाणी उडून गेले की मागे छिद्रांच्या वाटा राहतात, आणि रसायन त्याच वाटांनी आत शिरते. माल ओतायला सोपा जावा म्हणून साइटवर वाढवलेली एक बादली पुढे त्या टाकीचे आयुष्य खाते. व्हायब्रेटर नीट न फिरवल्याने राहिलेली पोकळी आणि घाईत आवरलेले क्युरिंग हेही त्याच पंक्तीतले दोष.

सल्फेटरोधक सिमेंटची युक्ती मला विशेष सुंदर वाटते. सल्फेट ज्या घटकावर तुटून पडते, तो ट्रायकॅल्शियम ॲल्युमिनेट त्यात 5 टक्क्यांच्या वर ठेवतच नाहीत. पण आम्लापुढे हेही सिमेंट हतबल. म्हणून अस्तर हवेच: एपॉक्सीचे थर, फायबरचे लायनिंग किंवा आम्लरोधक फरशी.

खरे कसब फरशीत नाही, तिच्या सांध्यात आहे. फरशी टिकते, सांध्यातला साधा सिमेंटचा माल मात्र विरघळतो. तिथे रेझिनचाच मसाला लागतो. काटकोनी कोपऱ्यात अस्तर ताणून तडकते, म्हणून जाणता गवंडी आधी गोलाईचा वाटा मारतो. पाइप भिंतीतून आत येतो ती जागा आणि द्रावणाची पातळी वरखाली होते तो पट्टा हेही असेच नाजूक. ओल्या किंवा सुट्या सिमेंटच्या पापुद्र्यावर मारलेला एपॉक्सी धरत नाही, आणि टाचणीएवढे छिद्र राहिले तरी द्रावण अस्तरामागे जाऊन कुणाच्या नजरेस न पडता काम करत राहते.

रंग चकचकीत पण कव्हर अपुरे, अशा टाकीला मी चांगली म्हणणार नाही. उलट, दाट काँक्रीटच्या टाकीचे अस्तर एखाद्या ठिकाणी सुटले तरी ती दुरुस्तीसाठी वेळ देते. केंद्रांवर काम करणाऱ्या अभियंत्यांना आणि कर्मचाऱ्यांना एवढीच विनंती: टाकी सफाईसाठी रिकामी होईल तेव्हा कोपरे, सांधे आणि पातळीचा पट्टा हाताने चाचपून पाहा, आणि खडी उघडी पडण्याआधीच दुरुस्तीची मागणी लेखी नोंदवा.