उताऱ्याच्या अलीकडचं पान

‘खालील उतारा वाचा आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे लिहा.’ मराठी माध्यमात शिकलेल्या बहुतेकांची कादंबरीशी पहिली गाठ या सूचनेखाली पडलेली असते. दहा-बारा ओळींचा चौकोन. आधी काय घडलं ते नाही, कोण बोलतंय ते नाही, कधीकधी पुस्तकाचं नावही नाही. तरी उत्तरं लिहिता येतात आणि गुणही मिळतात. ही सवय शाळेबरोबर सुटत नाही. मोठेपणी आवडत्या कादंबरीतलं काही मित्राला वाचून दाखवायची वेळ येते, तेव्हाही आपण तसाच चौकोन कापून त्याच्या हातात देतो. कादंबरीची रचना, तिचं वास्तव, तिची देशीयता यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण एका वाचकाकडून दुसऱ्याकडे कादंबरी बहुतेक वेळा दोन-तीन पानांच्या तुकड्यानेच पोचते, आणि तो तुकडा निवडणं ही समीक्षाच असते, याकडे फारसं कुणी पाहत नाही.

दिल्लीत राहायला लागल्यापासून मला याचं महत्त्व जास्त वाटू लागलं. पुण्यात कुणी ‘धग’चं नाव काढलं तर ऐकणाऱ्याला संध्याकाळपर्यंत पुस्तक मिळू शकतं. इथे मराठी पुस्तक म्हणजे गावाहून येताना बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये घालून आणलेली वस्तू. फेब्रुवारी २०२५ मध्ये तालकटोरा स्टेडियममध्ये तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली ९८वं साहित्य संमेलन झालं. दिल्लीतलं त्याआधीचं संमेलन १९५४चं, लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष असतानाचं. गेल्या वर्षी आमच्यातल्या काहींनी तीन दिवसांत पिशव्या भरभरून खरेदी केली, आणि आता पुढची खरेदी आणखी सत्तर वर्षांनी, असं एकमेकांना बजावलं.

‘आमच्यातल्या’ म्हणजे महिन्यातून एका रविवारी कधी नोएडात, कधी द्वारकेत कुणाच्या तरी घरी जमणारे सात-आठ जण. प्रत्येकाने एका कादंबरीतला एक उतारा वाचायचा, एवढाच नियम. दोघे केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले, एक मुलगा नुकताच नोकरीसाठी गुरुग्रामला आलेला, दोघी बहिणी पहाडगंजच्या मराठी वस्तीत वाढून हिंदी शाळेत शिकलेल्या. वाचलेलं पुस्तक नंतर सगळ्यांना मिळेलच असं नाही. म्हणून इथे पुष्कळदा उतारा हीच ऐकणाऱ्याची कादंबरी ठरते. तो चुकीचा कापला, तर कादंबरीच चुकीची पोचते.

सर्वांत जास्त नुकसान ‘ययाती’चं झालेलं मी पाहिलं आहे. वि. स. खांडेकरांची ही १९५९ची कादंबरी. मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळालं ते खांडेकरांना, या कादंबरीसाठी. वासना, प्रेम, सुख यांवरची तिच्यातली वाक्यं सुविचारासारखी फिरतात. आमच्याकडेही ती वाचली जातात, माना डोलतात. ही वाक्यं कोण बोलतंय, हे कुणी विचारत नाही. ‘ययाती’त ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतःच सांगतात. ययाती बोलतो तो सगळं घडून गेल्यावर, स्वतःच्या मुलाकडे तारुण्य मागण्यापर्यंत गेलेला माणूस म्हणून. अशा माणसाचं प्रेमावरचं सुंदर वाक्य पुराव्यासारखं वाचायला हवं, तर आपण ते खांडेकरांचं मत म्हणून भिंतीवर लावतो. यात थोडा दोष खांडेकरांचाही आहे. त्यांचं वाक्य पुष्कळदा कापून नेण्यासाठीच नटून बसलेलं असतं. पण त्यांच्या कादंबरीची रचना त्यांच्या वाक्यांपेक्षा शहाणी आहे. नवऱ्याने रंगवलेलं चित्र बायको आपल्या निवेदनात खरवडून काढते. हे खरवडणं उताऱ्यात येत नाही.

‘मृत्युंजय’चं तेच. माझ्या शेजारचे हिंदीभाषक गृहस्थ ही कादंबरी हिंदीत कित्येकदा वाचलेले, त्यातले परिच्छेदच्या परिच्छेद त्यांना पाठ. कर्णाच्या थोरवीचा एक परिच्छेद त्यांनी ऐकवला, तेव्हा हे कोण म्हणतंय, असं मी विचारलं. ते म्हणाले, “सावंतजी!” तो होता दुर्योधन. सहा जणांच्या तोंडून सांगितलेल्या कादंबरीत मित्राला हाताशी धरण्यात ज्याचा स्वार्थ आहे, त्याने केलेली ती स्तुती होती. तेवढं कळल्यावर परिच्छेद अधिक चांगला वाटतो, असं मला वाटतं. त्यांना तो कमी वाटला. यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.

जाता जाता एक निरीक्षण. दिल्लीत वाढलेल्या मराठी माणसाला खांडेकरांची संस्कृतप्रचुर भाषा जड जाईल अशी माझी समजूत होती, पण तसं होत नाही. हिंदीच्या पाठ्यपुस्तकांनी ते शब्द आधीच कानावर घातलेले असतात. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधली (१९६०) वऱ्हाडी बोलीही चालते. हिंदीचा शेजार असलेली ती बोली या बहिणींना पुण्याच्या मराठीपेक्षा घरची वाटते, आणि कौतिक बोलायला लागली की त्या आमच्याआधी हसतात, आमच्याआधी गप्प होतात. अडते ती माणदेशी. छापील मराठीत सगळे एकाच पायरीवर उभे दिसतात. मोठ्याने वाचलं की कोण कुठे उभा आहे ते कळतं.

आता ‘कोसला’. भालचंद्र नेमाड्यांच्या या १९६३च्या कादंबरीतला उतारा आणायचा म्हटलं की दहांपैकी आठ जण मनीच्या मृत्यूची पानं आणतात. निवड चूक नाही. मराठी गद्यात धाकट्या बहिणीच्या मरणाबद्दल याहून भेदक काही मी वाचलेलं नाही. पण ही पानं सुटी वाचली की ती फक्त दुःखाची होतात, आणि दुःखाची पानं मराठीत काही कमी नाहीत. पांडुरंग सांगवीकर तोवर आपल्याशी कसा बोलत आलेला आहे, ते आधी कानात असावं लागतं. वसतिगृह, मेस, गॅदरिंग, वडिलांचे पैसे, सगळ्याची टिंगल. प्रत्येक गोष्टीला लागू पडेल असा एक तिरकस, सपाट सूर त्याने कमावलेला आहे. वाचकालाही त्या सुराची चटक लागलेली असते. मग मनी देवी येऊन मरते, आणि तो सूर तिथे चालत नाही. तो चालवून पाहतो, तो तुटतो, पुन्हा चालवून पाहतो. उताऱ्यातली करुणा घटनेत थोडी आहे, या तुटण्यात जास्त आहे. टिंगल न ऐकलेल्या माणसाला काय तुटलं ते कळायचं कसं?

गुरुग्रामच्या मुलाने यावर एक साधा उपाय केला. त्याने आधी वसतिगृहातली दोन पानं वाचली. सगळे हसले. एकाने चहाचं विचारलं. तेवढ्यात काही न सांगता, आवाज न बदलता त्याने मनीची पानं सुरू केली. उत्तम समीक्षक तीस पानं खर्च करून जे सांगेल, ते त्याने दोन पानांच्या जोडणीतून सांगितलं. माझ्या मते त्या वर्षी आमच्याकडे झालेलं ते सर्वांत चांगलं वाचन.

दिल्लीकर मराठी माणसाची एक खास कादंबरीही आहे: विश्वास पाटलांची ‘पानिपत’ (१९८८). तिची भूमी आमच्या अंगणातली. दत्ताजी शिंदे पडले तो बुराडी घाट आता दिल्लीच्या उत्तरेच्या गर्दीत बुडालेला आहे. पानिपत इथून नव्वदेक किलोमीटर. १४ जानेवारीला काला आंबच्या स्मारकापाशी मराठी माणसं जमतात, तिथे गेल्यावर कुणाला ना कुणाला या कादंबरीतलं वाचावंसं वाटतंच. वाचलं जातं ते ठरलेलं: घायाळ दत्ताजी, त्यांचं शेवटचं उत्तर, अंगावर काटा. ते वाचू नये असं कोण म्हणेल? पण तो प्रसंग कादंबरी उघडण्याआधीच आपल्याकडे असतो. शाळेतून आलेला, पोवाड्यातून आलेला. तो एकटा उभा राहू शकतो, कारण त्याचं अलीकडचं पान प्रत्येक श्रोता घरूनच घेऊन आलेला असतो.

मी सुचवतो ती वेढ्यातली पानं. १७६०च्या ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला, धान्य मिळालं, हुरूप आला. मग अब्दाली यमुना उतरून दक्षिणेला आला आणि वाट बंद झाली. दोन-अडीच महिने मराठ्यांची छावणी, तिच्याबरोबरची बायकामुलं, यात्रेकरू, जनावरं हळूहळू उपाशी पडत गेली. रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. लढाई एका दिवसाची, भूक सत्तर दिवसांची. कादंबरी या माध्यमाला जे जमतं ते इथेच जमतं, कारण भुकेला वेळ लागतो आणि कादंबरीकडे पानं असतात. पण यातलं कुठलंही एक पान घ्या, ते फिकं वाटेल. दाण्याचा भाव चढला, घोडे मेले, पत्राचं उत्तर आलं नाही, यात वाचून दाखवण्यासारखं काय? आदल्या पानावर भाव किती होता हे माहीत असेल तरच पुढचा आकडा बोचतो. या कादंबरीतही भाषण आणि आवेश जागोजागी आहेत, काही ठिकाणी मला ते जास्तच वाटतात. वेढ्यात मात्र आवेश दमतो आणि लेखक हिशेबाला लागतो. तिथे तो मला मोठा वाटतो.

अलीकडचं पान बरोबर घेऊन सांगण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ त्याच रीतीने उभी आहे. बेचाळीस रात्री, जमलेली मंडळी, आणि आठवणीच्या आधी त्या मंडळींचं बोलणं. आपण मुलांना वाचून दाखवताना हे मधलं बोलणं गाळतो आणि थेट आईपाशी जातो. खरं तर आठवण कुणाला आणि का सांगितली जाते, हे त्या गाळलेल्या ओळींतच असतं.

पुढच्या बैठकीला पहाडगंजच्या धाकट्या बहिणीने ‘बनगरवाडी’ घेतली आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ही १९५५ची कादंबरी जेमतेम दीडशे पानांची, तरी तिला शेवट वाचायचा आहे: दुष्काळ, मेलेली मेंढरं, घरं सोडून चाललेली माणसं, ओस पडलेलं गाव. मी तिला म्हटलं की आधी तालीम बांधण्याचा भाग घे. मास्तरच्या डोक्यातली ती कल्पना, मग एकेकाचं कामाला येणं, धनगरांनी स्वतःच्या हातांनी उभी केलेली भिंत. हा भाग कुणी आवडता म्हणून कधी आणत नाही. माणदेशी अडेल तिथे निवृत्तांपैकी एक जण तिच्या शेजारी बसणार आहेत, ते सांगोल्याचे. पाच मिनिटांत दोन्ही भाग बसणार नाहीत, म्हणून त्या रविवारी बाकी कुणी काही वाचायचं नाही असं ठरलं आहे.