पाहुण्याचा प्रवेश आणि श्रोत्याची स्मृती: अमेरिकन नभोविनोदातील एक संकेत

अमेरिकन नभोवाणीच्या सुवर्णकाळात, म्हणजे स्थूलमानाने १९३० ते १९५० या कालखंडात, एका विनोदी कार्यक्रमाच्या नायकाने दुसऱ्याच्या कार्यक्रमात पाहुणा म्हणून येणे ही रूढ प्रथा होती. श्रोतृसंख्या वाढविण्याची व्यावसायिक युक्ती, असे तिचे स्पष्टीकरण दिले जाते. ते चुकीचे नसले तरी अपुरे आहे. कारण या प्रवेशातून विनोद कसा निर्माण होतो, हा प्रश्न त्यात अनुत्तरित राहतो. जॅक बेनी आणि फ्रेड ॲलन यांचे लुटुपुटीचे वैर या दृष्टीने अभ्यसनीय ठरते.

३० डिसेंबर १९३६ रोजी ॲलनच्या 'टाउन हॉल टुनाइट' या कार्यक्रमात दहा वर्षांच्या एका मुलाने व्हायोलिनवर 'द बी' ही रचना वाजविली. ते निमित्त साधून ॲलनने बेनीच्या व्हायोलिनवादनाची खिल्ली उडविली. बेनीने आपल्या कार्यक्रमातून प्रत्युत्तर दिले आणि पुढील काही आठवडे दोघेही आपापल्या घरातून वाग्बाण सोडीत राहिले. १४ मार्च १९३७ रोजी न्यूयॉर्कच्या हॉटेल पिएरमधील बेनीच्या कार्यक्रमात ते समोरासमोर आले, तेव्हा वैराने पूर्ण आकार घेतला होता. पाहुणा येण्यापूर्वीच त्याचे पात्र यजमानाच्या कार्यक्रमात वावरत होते. प्रत्यक्ष प्रवेश हा त्या दीर्घ अनुपस्थितीचा उत्कर्षबिंदू होता.

बेनीचे नभोवाणीवरील पात्र कंजूष आणि आत्मप्रौढ होते. स्वतःच्या कार्यक्रमात त्याची फजिती होई, परंतु यजमानपणाचे कवच शाबूत राही. २६ मे १९४६ रोजी ॲलनच्या कार्यक्रमातील बक्षीस-स्पर्धेच्या विडंबनात तो खोटे नाव धारण करून येतो, जिंकतो आणि कपड्यांना इस्त्री करून देण्याच्या बक्षिसापायी अखेर त्याची विजारही उतरविली जाते. परक्या घरात ते कवच गळून पडते. पात्राचा स्वभाव तोच राहतो. बदलते ती त्याची सत्ता.

चित्रपट अभिनेता रोनाल्ड कोलमन १९४५ पासून बेनीचा त्रस्त शेजारी म्हणून येऊ लागला. तो विनोदी नट नव्हता. त्याच्या सभ्यतेच्या पार्श्वभूमीवर बेनीचा कोतेपणा अधिक उठून दिसे. २८ मार्च १९४८ च्या भागात कोलमनचे ऑस्कर उसने घेऊन परतणाऱ्या बेनीला दरोडेखोर पैसे आणि प्राण यांतून एकाची निवड करावयास सांगतो. त्यानंतरची शांतता हाच विनोद आहे. अनेक वर्षे ऐकलेला कंजूषपणा ज्याच्या स्मरणात आहे, त्यालाच ती ऐकू येते.

या विनोदाची मर्यादाही येथेच आहे. ध्वनिमुद्रणे आज उपलब्ध असली तरी एखादाच भाग ऐकणाऱ्याला त्यातील बराचसा आशय निसटल्यासारखा वाटतो. तथापि केवळ नाव उसने देणारा पाहुणा आणि दोन पात्रांमधील नाते पुढे नेणारा पाहुणा यांत भेद करावयाचा झाल्यास, त्याचा निकष पाहुण्याच्या कीर्तीत नव्हे, तर दोन्ही घरे जाणणाऱ्या श्रोत्याच्या स्मृतीतच शोधावा लागतो.